‘रेनिफॉर्म’चं फाडलेलं पान

मी एक जुना शब्दकोश आहे, मित्रांनो, आणि डूख धरण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

जीवशास्त्रातल्या आकारांची नावं लॅटिनमधून कशी आली, ते मी सांगतो. कॉर म्हणजे हृदय, म्हणून हृदयाच्या आकाराचं पान कॉर्डेट. सॅजिटा म्हणजे बाण, म्हणून बाणाच्या टोकासारखं पान सॅजिटेट. एके काळी विद्यार्थी माझ्यासाठी भांडत. मग मी प्रयोगशाळेच्या कपाटात पडून राहिलो. फक्त सफाईच्या मावशी रोज माझी धूळ झटकत आणि उभ्या उभ्या एखादा शब्द वाचत. "अगं बाई, विळ्यावरूनसुद्धा नाव!" म्हणून हसत.

एके दिवशी जीवशास्त्राच्या सरांचं सूक्ष्मदर्शकाचं टेबल डुगडुगायला लागलं. त्या टेबलाला ते कुणाला बोटही लावू देत नसत. त्यांनी मला उघडलं, टर्रकन एक पान फाडलं, घडी घालून टेबलाच्या पायाखाली सारलं. मी कळवळलो. पण खरा संताप पुढेच होता. फाटकी जागा प्राचार्यबाईंना दिसली, तेव्हा सर साळसूदपणे म्हणाले, "मावशींचंच काम. पुसताना फाडलं असणार."

झालं! शनिवारपासून येऊ नका, असं मावशींना सांगण्यात आलं. त्या दिवशी त्यांनी मला पुसलं, पण एकही शब्द वाचला नाही. याचं उट्टं काढायचंच, असं मी तेव्हा ठरवलं.

शुक्रवारी बाहेरचे परीक्षक आले. प्राचार्यबाई सोबत होत्या. समोरचं एक झाडाचं पान उचलून परीक्षकांनी विचारलं, "याला रेनिफॉर्म का म्हणतात हो?"

 सरांनी मला कपाटातून काढून भराभर चाळलं. नेमकं तेच पान नव्हतं! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"रेन म्हणजे मूत्रपिंड," दाराशी झाडत असलेल्या मावशी म्हणाल्या. "त्या आकाराचं, म्हणून. मी वाचलं होतं."

"पान फाडायचं आणि वर शहाणपणा!" सर ओरडले आणि त्यांनी मला टेबलावर आपटलं. आठशे पानांचा सगळा भार मी एकाच कोपऱ्यावर टाकला. टेबल कललं आणि पायाखालची घडी बाहेर घसरली. परीक्षकांनी ती उलगडली. वर ठळक अक्षरांत रेनिफॉर्म!

"या टेबलाला तर तुम्ही कुणाला हात लावू देत नाही ना, सर?" प्राचार्यबाईंनी विचारलं. 

मावशींची नोकरी राहिली. पान चिकटवायचं काम सरांच्याच माथी आलं.

मित्रांनो, पुस्तकं जपा, एवढं सांगून मी गप्प बसायला हवं. पण मी काही तितका भला नाही. चिकटवल्यापासून ते पान ताठ झालंय. सरांनी मला कुठूनही उघडलं, तरी मी तिथेच उघडतो.