कमी दाबाची संध्याकाळ

जितेंद्रच्या घरी तो अँप उतरला तेव्हा निम्म्या गल्लीला तो फ्रीज वाटला आणि निम्म्या गल्लीला तिजोरी. दोन्हीकडचा अंदाज वजनावरून होता. नाशिकच्या एका बँडची पोरं नोकरीला लागली, बँड मोडला, आणि त्यांचा जुना व्हॉल्व्हचा गिटार-अँप्लिफायर ह्याने घरी आणला. वर लोखंडी पेटी, तिच्यात काचेच्या नळ्या, खाली कमरेएवढं स्पीकरचं खोकं. चालू केला की नळ्या आतून तांबूस व्हायच्या. तोताराम आबांनी, म्हणजे जितेंद्रच्या वडिलांनी, मागून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "असला रेडिओ माह्या बापाजवळ होता. तो निदान बातम्या तरी द्यायचा."

जितेंद्र सावद्याला केळीच्या पॅकिंगवर सुपरवायझर आहे, आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. ऑर्केस्ट्रात गिटारवाला कुठे उभा असतो हे ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको: कीबोर्डच्या मागे, जनरेटरच्या पुढे. कितीतरी वरातींत नाचणाऱ्यांना गिटार आहे हेच कळलेलं नाही. म्हणून धुळ्याच्या अभिमनने आपल्या नव्या अहिराणी गाण्याला गिटार मागितली आणि "व्हिडिओमा तुनं नाव टाकसू" म्हणाला, तेव्हापासून जितेंद्रचे पाय जमिनीवर नव्हते. अभिमनचा स्टुडिओ घराच्या गच्चीवर आहे, पण त्याची गाणी खानदेशातल्या प्रत्येक डीजेच्या गाडीत आहेत.

जितेंद्रने नमुना म्हणून मोबाइल खिडकीत टेकवला, थोडंसं वाजवलं आणि पाठवलं. अभिमनचा लगेच फोन आला.

"भाऊ, काय आवाज शे! बठ्ठं गाणं असंच जोयजे. थोडं बी इकडं-तिकडं नको."

"मिळेल ना, सगळं गाणं असंच मिळेल."

"शनवारी सकाळपर्यंत धाडी दे. नही तर पुण्याना एक पोऱ्या शे, तो कम्प्युटरवरच गिटार टाकी देस."

आणि दुसऱ्या दिवसापासून तो आवाज घरातून गेला.

बटणं तीच होती, जितेंद्रने त्यांच्या जागांचे फोटो काढून ठेवले होते. तार तीच, गिटार तीच, खोली तीच. पण नमुन्यात सूर दाबला की ओल्या गाळात पाय रुतावा तसा आधी दबायचा आणि मग सावकाश फुगून वर यायचा. आता तो कोरडा आणि टणक झाला. असे अँप मैदानात वाजवायला बनवलेले असतात. घरात आवाजाचं मास्टर बटण खाली ठेवलं तर डब्यात गांधीलमाशी अडकल्यासारखं वाजायचं, आणि वर नेलं तर मांडणीवरची ताटं उत्तर द्यायची. गेन वाढवला की सगळे सूर एकमेकांत कालवले जायचे, कमी केला की हातात काही राहायचं नाही.

मग घराची पाळी आली. स्पीकर भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग कोपऱ्यात. मग स्वयंपाकघराच्या दारात. मग त्याच्यावर गाद्या रचल्या, आणि गाद्या कमी पडल्या म्हणून सुगंधाबाईंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, पेटीतल्या नव्या गोधड्या निघाल्या. ह्या गोधड्या पाहुण्यांनाही मिळत नाहीत, हे गल्लीत सर्वांना माहीत आहे. जेवताना हा उठायचा, एक बटण केसभर फिरवायचा, परत येऊन बसायचा. कामावर केळीचे घड मोजताना चुकायचा.

"तुमचा आवाज हरवला तो हरवला," त्याची बायको मोहिनी म्हणाली, "मी आज कुठल्या खोलीत झोपायचं तेवढं सांगा."

मोहिनी जळगाव शहरातली. तिला गिटारमधलं काही कळत नाही आणि ते ती लपवतही नाही. गुरुवारी ती शेंगा सोलत बसली होती, शेजारी नवरा तो नमुन्याचा व्हिडिओ परत परत लावत होता. बघायचं नव्हतं तरी तिचं लक्ष गेलं.

"अहो, तो पंखा बघा."

"मी आवाज ऐकतोय."

"मागचा पंखा बघा हो. पाती मोजता येतात." तिने वर बोट केलं. खोलीतला पंखा भन्नाट फिरत होता. "त्या संध्याकाळी लाइट इतकी डीम होती की मिक्सर चालेना. मी चटणी पाट्यावर वाटली. तुम्ही दोनदा मागून खाल्ली."

जितेंद्रने पंख्याकडे पाहिलं, मग अँपच्या मागे पाहिलं. तिथे एक करड्या रंगाचा स्टॅबिलायझर होता. नमुना पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी तो सावद्याहून आणून स्वतःच्या हाताने जोडला होता. एवढी महागाची वस्तू आपल्या डीपीच्या, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरच्या, भरवशावर कोणी ठेवतं का, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात चूक काही नव्हती. आमच्या डीपीवर सगळी गल्ली, कौतिकची पिठाची गिरणी, मळ्यातल्या मोटरी, आणि ज्यांची नावं घेतली तर भांडण होईल अशांचे तारेवर टाकलेले आकडे. संध्याकाळी गिरणी सुरू झाली की घरातले दिवे पिवळे पडतात आणि टीव्हीतली माणसं आक्रसतात. दोन वर्षांत कौतिकची मोटर दोनदा जळाली.

जितेंद्रने स्टॅबिलायझर काढला आणि गिरणीची वाट पाहत बसला. दिवेलागणीला पट्टा फिरल्याचा आवाज आला, दिवा मिणमिणला, आणि ह्याने तार छेडली. सूर दबला, फुगला, वर आला. मास्टर अर्ध्यावर नेला तरी ताटं गप्प. जितेंद्र एकटाच हसायला लागला. दोन ओळी रेकॉर्ड होतात न होतात तोच कौतिकने गिरणी बंद केली आणि सगळा आवाज परत टणक झाला. हरकत नाही, जितेंद्रने हिशेब केला: उद्याची आख्खी संध्याकाळ आहे.

शुक्रवारी दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नवी डीपी आली.

ही डीपी कोणी आणली ते सांगायलाच हवं, कारण आबा स्वतः ते रोज सांगत असत. दोन वर्षं त्यांनी रावेरच्या ऑफिसात खेटे घातले. साहेब बदलले, टेबलं बदलली, आबा बदलले नाहीत. सरपंच कुंदाबाई एकदासुद्धा सोबत आल्या नाहीत, हे वाक्य तर आमच्या पारावर इतक्यांदा ऐकलंय की पोरंही म्हणून दाखवतात. त्या दिवशी आबांनी नवी टोपी घातली होती. नारळ त्यांच्याच हातात होता. वायरमन जीवराम खांबाखाली उभा राहून म्हणाला, "लाइन बंद करतो आबा, दिवेलागणीच्या आत चढवून देतो."

जितेंद्र पॅकिंगवरून तसाच पळत आला आणि वडिलांना ट्रॉलीच्या मागे घेऊन गेला.

"आबा, डीपी उद्या बसवा."

"कायले?"

"आजची संध्याकाळ मला व्होल्टेज कमी पाहिजे."

आबांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "सारं गाव व्होल्टेज मागून राह्यलं. तुले कमी पायजे?"

"गाण्यासाठी. गिरणी चालू असते तेवढं कमी."

"मग गिरणी उद्याबी चालीनच."

"नव्या डीपीवर गिरणीने फरक पडणार नाही, आबा."

"फरक पडू नये म्हणूनच तर आणली, बैला!"

ट्रॉलीच्या पलीकडे लोक नारळासाठी खोळंबले होते. जितेंद्र घाईघाईने सांगत गेला: धुळ्याचा माणूस, उद्या सकाळची मुदत, पुण्याचा पोरगा. आबांना निम्मं कळलं असेल.

"नाव येणार आहे, आबा. व्हिडिओत. सुरुवातीलाच."

"कोणाचं?"

"माझं." मग तो जरा थांबून म्हणाला, "तुमचंही येतं ना मधे."

आबांनी नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला, टोपी सारखी केली आणि लोकांत परत गेले.

"सरपंच बाई कुठी हायेत?"

"भुसावळला. लेकीकडे," कोणीतरी म्हणालं. "सकाळी येतील."

"मग नारळ सकाळी फोडू."

आधी सगळ्यांना वाटलं आबा चेष्टा करतात. कौतिक पुढे आला. "आबा, ऊन लागलं का? टोपी कोणासाठी घातली मग?"

"सरकारी वस्तू हाये, कौतिक. सरपंचाच्या हातानंच झाली पायजे. मानाचं मानाला."

"दोन वर्षं तर तुम्हीच म्हणत होते..."

"म्हणत व्हतो. आता हे म्हणून राह्यलो."

जीवरामने पक्कड पिशवीत टाकली. "माझं काय, मी सकाळी येतो. पण मग कुरकुर करू नका."

कुरकुर झालीच. डीपी खाली ट्रॉलीत, जुनी वर खांबावर, आणि ज्या माणसाने ती आणली तोच अडवून बसलेला. कोणी म्हणालं, आबांना ग्रामपंचायतीचं तिकीट पाहिजे. कोणी म्हणालं, बाईंकडून काहीतरी काम अडलंय. खरं कारण कोणाच्याच डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तर कोणी मानलंही नसतं. आबांनी दोन वर्षांत जमवलेलं सगळं श्रेय दुपारच्या दुपारी कुंदाबाईंच्या खात्यावर गेलं होतं.

एवढं होऊन गिरणी बंद.

"आज नाही दळत," कौतिक म्हणाला. "उद्या नवी डीपी. आज तिसऱ्यांदा मोटर जाळून घेऊ का?"

जितेंद्रने घरून दादर ज्वारीचं पोतं खांद्यावर आणलं. मागे सुगंधाबाई ओरडत आल्या. "जितू, महिन्याची दादर व्हय ती! एवढं पीठ ठेवू कुठी? जाळ्या पडतीन त्याले!" कौतिक हाताची घडी घालून उभाच. तेवढ्यात आबा आले, गिरणीतल्या पोत्यावर मांडी घालून बसले.

"दळ, कौतिक. मोटर जळाली तर मी भरून देईन. मी आठून, ह्या पोत्यावरून, उठत नाही."

"तुमच्या घरी आज झालंय तरी काय?"

"दळ बापा."

कौतिकने बटण दाबलं. गल्लीतले दिवे पिवळे पडले.

घरात मोहिनी पलंगावर उताणी पडून पंख्याकडे बघत होती. तेच तिचं काम होतं. "थांबा... थांबा... हं, आता पाती दिसतात. वाजवा." जितेंद्र वाजवायला लागला. लॅपटॉप बॅटरीवर, माइक स्पीकरच्या तोंडाशी, गोधड्या पुन्हा पेटीत. पहिला तुकडा झाला. दुसऱ्यात बोट घसरलं. परत. तिसरा चांगला होता, पण त्याला वाटलं अजून चांगला होईल; चौथा बिघडला आणि तिसरा त्याने पुसून टाकला होता.

"पुसला?" मोहिनी उठून बसली. "का?"

"तू पंखा बघ."

"पंखा काय बघू! तुमचा बाप तिकडे लोकांच्या शिव्या खातोय आणि तुम्ही पुसताय?"

तेवढ्यात पंखा वेग घ्यायला लागला. गिरणीत दादर संपत आली होती. जितेंद्रने दारातून आईकडे पाहिलं. सुगंधाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी गव्हाची कोठी उघडली, पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि गिरणीकडे चालू लागल्या. "खा आता पोळ्या अन् भाकरी," त्या रस्त्याने कोणालातरी सांगत होत्या, "दिवाळीपर्यंत खा."

गिरणीत आबा बसून होते. नव्या टोपीवर पिठाचा थर चढत होता. येणारा-जाणारा काहीतरी टाकून जायचा: "आबा, बाईंना हारही तुम्हीच आणा मग." "आबा, बाईंची ट्रॉली राखायला बसले का?" आबा मान हलवायचे. पट्ट्याच्या घरघरीत त्यांना घरातला एक सूरही ऐकू येत नव्हता. कौतिकने दोनदा बटणाकडे हात नेला आणि दोनदा आबांनी त्याच्या मनगटाकडे नुसतं पाहिलं.

गहू संपायच्या थोडं आधी जितेंद्रचा शेवटचा तुकडा झाला. मोहिनीने त्याच्या हातातून लॅपटॉप काढून घेतला आणि त्याने काही पुसायच्या आत गाणं स्वतः पाठवलं.

सकाळी अभिमनचं उत्तर आलं होतं. आवाज पसंत होता, गाणं पक्कं होतं, व्हिडिओत नाव कसं लिहायचं तेवढं त्याने विचारलं होतं. जितेंद्रने ते उत्तर वाचलं आणि मग बसून आपलंच गाणं ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. मधल्या तुकड्यात एका जागी सूर पुरता फुगलाच नव्हता. तो तसाच उठून चप्पल न घालता खांबाकडे निघाला.

तिथे गल्ली जमली होती. कुंदाबाई भुसावळहून पहिल्या गाडीने आल्या होत्या. ह्या मानाचं कारण त्यांनाही कळलेलं नव्हतं, पण साडी चांगली होती. वर्तमानपत्राचा पोरगा मोबाइल धरून त्यांना "थोडं उजवीकडे" म्हणत होता. आबा फोटोच्या चौकटीबाहेर, झटकलेल्या टोपीत, नारळ घेऊन उभे. लाइन बंद होती, नवी डीपी वर चढली होती. जीवराम शेवटची तार आवळत होता.

गर्दीतून वाट काढत येणारा मुलगा आबांना लांबून दिसला. त्याचा चेहराही दिसला. तो चेहरा ते आठवडाभर जेवताना बघत आले होते.

"बाई, फोडा," आबांनी नारळ कुंदाबाईंच्या हातात कोंबला.

"अहो आबा, हळदी-कुंकू तरी वाहू द्या."

"मागून वाहा. आधी फोडा."

"आबा," जितेंद्र जवळ येत म्हणाला, "मधल्या एका तुकड्यात..."

नारळ फुटला. पाणी बाईंच्या साडीवर उडालं. वरून जीवरामने विचारलं, "लाइन टाकू का?"

"टाक!" आबा ओरडले, मुलाकडे न बघता.