इवाबुचींच्या छपरावरचा बर्फ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी शिक्का आहे. बोटाएवढा, तळाशी 'हाताकेयामा' हे आडनाव कोरलेला. आमच्या जपानातल्या आकिताकडे सहीला कोण विचारतो? मी उमटलो की काम झालं.

माझ्या मालकीणबाई सादाए पोस्टातून निवृत्त झाल्या आणि एका संस्थेच्या तपासनीस झाल्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या छपरांवरचा बर्फ उतरवणं हे संस्थेचं काम. सात हिवाळे बाई घरोघर गेल्या. मान वर करून छप्पर बघायचं आणि मगच मला लाल शाईत टेकवायचं. तेव्हा माझा रुबाब काही और होता.

मग त्यांचे गुडघे दुखू लागले. संस्थेचा चिटणीस मियोशी म्हणाला, "अहो बाई, एवढ्या बर्फात कशाला तडमडता? शिक्का इथेच राहू द्या, मी उमटवत जाईन."

"बरं, पण नीट बघून हं," असं म्हणून त्या मला खणात ठेवून गेल्या.

मियोशी माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. अध्यक्षांच्या शिक्क्याशेजारी तो मला किंचित डावीकडे कलता उमटवायचा, नमस्कार केल्यासारखा. वरिष्ठांच्या शिक्क्यापुढे धाकट्या शिक्क्यानं वाकायचं, रीतच आहे तशी. पण तपासणाऱ्यानंच वाकायचं म्हणजे कमाल झाली.

त्या फेब्रुवारीत 'एकतीसही छपरं साफ' अशा कागदावर मी उमटलो. तो कागद घरोघर वाटला गेला. टेकडीवरच्या इवाबुची आजोबांकडे मात्र कुणी फिरकलंच नव्हतं. चौथ्या दिवशी बर्फाच्या भारानं त्यांची पडवी कोसळली आणि तिच्याखाली सापडून त्यांचा पाय मोडला.

बाईंनी मला खणातून काढून पिशवीत टाकलं आणि संत्री घेऊन त्या दवाखान्यात गेल्या.

"तुझा शिक्का दिसला गं," आजोबा म्हणाले. "म्हटलं, सादाए बघून गेलीय. म्हणून मी भाच्याला बोलावलं नाही."

बाईंच्या पिशवीत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वार्षिक सभेत मियोशी कुजबुजला, "चूक माझी आहे. तुम्ही गप्प राहा."

बाई उभ्या राहिल्या. "शिक्का यांनी मारला, पण यांच्या हातात दिला मी. ती पडवी माझ्या नावाखाली पडलीय. मी हे पद सोडते."

मागून कुबडी आपटली. "सोडून कुठे जातेस?" इवाबुची आजोबा ओरडले. "पुढच्या हिवाळ्यात माझं छप्पर कोण बघणार?"

आता मी बाईंच्या कमरेच्या बटव्यात असतो. यंदा मियोशीचा हात धरून, चारदा थांबत त्या टेकडी चढल्या. डोळ्यांत बर्फाचे कण जात होते, तरी छप्पर बघून झाल्यावरच त्यांनी मला बाहेर काढलं.

मित्रांनो, तुमचं नाव असं कुणाच्या खणात ठेवून जाऊ नका. यंदाच्या कागदावर मी सरळ उमटलोय, अजिबात न कलता.