गाणे कापलेला सिनेमा

सांगून ठेवते, रोशनले मी अजून माफ केलं नाई.

पिपरी मेघेच्या आमच्या कॉलनीत दर दिवाळीनंतर समाजमंदिराच्या भिंतीवर तोच जुना इंग्रजी सिनेमा लागते, नाचगाण्याचा. आधी माझे मिस्टर लावत होते. ते गेल्यापासून त्यांची सीडी मी जपून ठेवली. यंदा माझा पुतण्या रोशन म्हणे, "काकू, तुमी आरामात बसा, मी लॅपटॉपवर लावतो."

सिनेमा चालू झाला. हिरोईन जिन्यावर आली, आता गाणं येणार म्हणून आमी साऱ्या बाया सरसावून बसलो. अन् एकदम पुढचा सीन! दुसरं गाणंही गायब, तिसरंही. तासाभरात सिनेमा खतम.

"काऊन रे, गाणे कुठं गेले?" मी ओरडली.

"कापले, काकू. गाणं लागलं का सारे माणसं तंबाखूचा खर्रा खायले बाहेर जातेत, वापस येतच नाईत. आज पाहा, एकही उठला नाई! अन् खाली मराठीत लिहूनही टाकलं, तुमाले बोलणं समजावं म्हणून."

म्हणजे उपकारच केले यानं!

"तीस वर्षं झाले, पाहून राह्यली मी हा सिनेमा," माझा आवाज चढला. "इंग्रजीचा एक शब्द येत नाई मले. त्यांचं बोलणं चालू झालं का मी शेंगा फोडत बसत होती, गाण्याची वाट पाहत. मले समजत होतं ते तेवढंच. अन् तेच तू कापून टाकलं!"