दुधाळ महाराजांचा तांब्या

बीड बायपासलगतच्या त्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. वसाहतीतले बोअर तळाला गेलेले, टँकरचा भरवसा नाही, तरी घरोघरचे तांबे काठोकाठ भरून रांगेत उभे होते. महाराज चंबूतलं नितळ तीर्थ पळीभर ओतायचे आणि पाण्याचं दूध व्हायचं!

"पुण्यवान घर हाय माय तुझं!" चेला बद्रीनाथ रांगेतल्या साळूबाईचा तांब्या उंचावत ओरडला. "पाप असंल तिथं दूध उतरत नाय!"

तिच्यामागच्या उमाताईंच्या तांब्यातलं पाणी मात्र ढिम्म राहिलं. महाराजांनी डोळे मिटले. "नव्या सुनेचा पायगुण. सव्वा वर्ष माहेरी ठेवा."

शेजारी उभ्या सुनेला, हिमानीला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. नवरा केयूर चपला घालून मंडपाबाहेर निघाला.

घरी येताच उमाताईंनी तिची बॅग काढली. "चार दिवस जाऊन ये गं. माझ्या मनाला बरं वाटेल." ते चार दिवस किती लांबतील, हे हिमानीला कळत होतं.

तिला एका जागी बसवेना. हाताला चाळा म्हणून ती तिच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या मत्स्यटाकीपाशी गेली. तिथले प्रवाळ कॅल्शियमवर वाढतात, आणि त्याची मात्रा मोजूनच द्यावी लागते. टाकीतलं पाणी किती, त्यातून दगडांची जागा वजा. कॅल्शियम हवं किती, आहे किती. बोअरच्या पाण्यात ते आधीच असतं आणि हिशेब फसतो, म्हणून ती क्षार काढून टाकणाऱ्या आरओ फिल्टरचंच पाणी वापरायची. एकदा घाईत तिनं कॅल्शियमचं पाणी आणि प्रवाळांना लागणारं सोड्याचं पाणी एकदमच ओतलं होतं, तेव्हा सगळी टाकी पांढरी झाली होती.

तिचा हात थबकला.

"आई, तांब्यात पाणी कुठलं नेलं होतंत?"

"आरओचं. देवाच्या कामाला बोअरचं कसं न्यायचं?"

दुसऱ्या दिवशी हिमानी सासूला घेऊन पुन्हा रांगेत उभी राहिली. तांब्यात तेच पाणी, महाराजांची तीच पळी. दूध उतरलं नाही.

"पाप!" बद्रीनाथ गरजला.

हिमानीनं पिशवीतून बाटली काढली आणि कॅल्शियमचं टोपणभर पाणी तांब्यात ओतलं. क्षणात दूध!

"गेला दोष! आमची कृपा!" महाराज घाईनं म्हणाले.

"थांबा." तिनं रांगेत मागे उभ्या साळूबाईच्या, अजून तीर्थ न पडलेल्या बोअरच्या पाण्याच्या तांब्यात दुसरी बाटली रिकामी केली. तिथंही दूध. "हा किराणा दुकानातला धुण्याचा सोडा. तुमच्या चंबूत हाच आहे. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम त्याला भेटलं की चुनखडीची पांढरी भुकटी तयार होते. आरओच्या पाण्यात कॅल्शियमच नाही, तर पांढरं काय होणार?"

"म्हंजी पाप-पुण्य काय नाय? पाणीच जड हाय व्हय?" साळूबाईनं विचारलं. "अन् म्या हा चुना लेकराला पाजला की!"

बद्रीनाथ चंबू उचलू लागला, तसा लोकांनी त्याला घेराव घातला.

उमाताई रडवेल्या आवाजात महाराजांना म्हणाल्या, "सगळ्यात स्वच्छ पाणी मी आणलं, आणि तुम्ही त्यालाच पाप म्हणालात. तुमच्या एका शब्दावर मी लेकीसारखी सून घराबाहेर काढत होते." मग त्या रांगेकडे वळल्या. "बायांनो, कुणी आपल्या माणसाला दोष लावला, तर आधी तांब्यात काय आहे ते बघा. मी बघितलं नाही."

घरी आल्यावर त्यांनी बॅग उघडली आणि हिमानीच्या साड्या स्वतःच्या हातानं कपाटात लावल्या.