विमानतळापर्यंतची वरात

वनीसामावशी सत्तावन्न वर्षांची होईपर्यंत एकटी कुठे गेली नव्हती. आजोबांच्या मागे जैतुनाचा घाणा तिनेच चालवला. मजूर, गिऱ्हाईक, वीजमंडळ, सगळ्यांशी भांडायला ती एकटी पुरायची. पण आमच्या नालूत गावाच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की पाच भावांपैकी एक सोबत असायचाच. दुखणं दाखवायला ट्युनिसला गेली तेव्हाही तिचा पासपोर्ट ईसामामाच्या खिशात होता.

आणि अचानक एका हिवाळ्यात तिने जाहीर केलं की तिला आगगाडीत बसायचंय. टीव्हीवर तिने अनातोलियाच्या बर्फातून पूर्वेकडे जाणारी एक गाडी पाहिली होती. दिवसभर आणि रात्रभर जाणारी, झोपायच्या डब्याची. आमच्या लिबियात आगगाडी नाहीच. तिने मला बाजूला घेतलं आणि माझ्याच फोनवरून दोन्ही तिकिटं काढायला लावली, आधी ट्युनिशियातल्या जेर्बा बेटावरून इस्तंबूलला जाणाऱ्या विमानाचं, मग त्या गाडीचं. तिकिटांचं घरात कळल्यावर मामांची बैठक बसली. ईसामामाने विचारलं, "तिकडे तुझं आहे कोण?"

"गाडी आहे," मावशी म्हणाली.

मामांनी आळीपाळीने समजावलं. एकजण सोबत येतो म्हणाला, तर तिने त्याला विचारलं की तुला आगगाडीची हौस कधीपासून? शेवटी ईसामामाने एवढंच कबूल करून घेतलं की सीमेपलीकडे गेल्यावर फोन करायचा.

जायच्या दिवशी पहाटेची नमाज झाल्यावर मी तिला टॅक्सीच्या तळावर सोडलं. अंगावर नवा कोट, हातात चाकांची बॅग, पिशवीत भाजलेल्या सातूचं पीठ आणि आमच्याच घाण्याचं तेल. शाबान नावाचा ड्रायव्हर होता, आणखी तीन उतारू. शाबानने मावशीला पुढची जागा दिली. मी हात हलवला, पण तिचं लक्षच नव्हतं. ती सीटचा पट्टा कुठून ओढायचा ते बघत होती. पुढचं सगळं मला अर्धं तिने सांगितलं, अर्धं तिला वाटेत भेटलेल्या तिलेलीने.

वाझिनच्या सीमानाक्यावर गाड्यांची रांग होती. रांगेत काही वावगं वाटत नव्हतं, पण तपासणीवाल्याने गाडीखाली वाकून पाहिलं आणि शाबानला खाली उतरायला सांगितलं. डिकीच्या तळाशी त्याने पेट्रोलची आणखी एक टाकी जोडून घेतली होती. आमच्याकडे स्वस्त, पलीकडे महाग, त्यामुळे असं करणारा तो काही पहिला नव्हता. पण त्या दिवशी तो सापडला. गाडी बाजूला लावली गेली. शाबानने उतारूंची माफी मागितली, सगळ्यांचं भाडं परत दिलं आणि म्हणाला, "हाज्जा, तुम्ही चालत पलीकडे जा. तिकडे काहीतरी मिळेल."

"मी हजला गेलेले नाही," मावशी म्हणाली.

"जाल की," शाबान म्हणाला आणि शिपायाच्या मागे गेला.

बाकीचे तिघे कुणाकुणाच्या ओळखीने इतर गाड्यांत शिरले. मावशीने लिबियाच्या खिडकीवर बाहेर जाण्याचा शिक्का घेतला आणि दोन देशांच्या मधल्या त्या उघड्या रस्त्यावर बॅग ओढत निघाली. वारा सुटला होता, बॅगेची चाकं वाळूत रुतत होती. घरी फोन करावा असं तिच्या मनात आलं. केला असता तर मामा तासाभरात येऊन तिला घेऊन गेले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने फोन केला नाही.

थोडं पुढे फिती लावलेल्या चार गाड्या उभ्या होत्या. पहिल्या गाडीत नवरी हुंदके देत होती. ही तिलेली, आमच्या पूर्वेच्या काबाव गावची. पलीकडे, ततावीनजवळच्या दुविरेत गावात तिचं लग्न ठरलं होतं आणि ती आज सासरी निघाली होती. आमच्या डोंगरात नवरीची आई मुलीसोबत जात नाही. मावशी जाते, शेजारी बसते, वाटभर गाणी म्हणते. तिलेलीच्या मावशीचा पासपोर्ट गेल्या महिन्यातच संपला होता आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तिला नाक्यावरूनच मागे पाठवलं. सोबत आलेल्या मुली सगळ्या नवरीच्या वयाच्या, त्यांना मोबाइलवरची गाणी येत होती.

नवरीचा थोरला भाऊ यद्दर गाडीबाहेर उभा राहून कपाळ चोळत होता. आपल्याच डोंगराच्या भाषेत कुणीतरी वाळूला शिव्या घालतंय हे ऐकून त्याने वळून पाहिलं.

मावशीला कुठे जायचंय ते त्याने विचारलं. तिने सांगितलं. त्याने एकदा तिच्याकडे, एकदा बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला की आम्ही तुम्हाला ततावीनच्या तळापर्यंत नेतो, तिथून जेर्ब्याच्या गाड्या मिळतात. फक्त हिच्या शेजारी बसा.

"मला गाता येत नाही," मावशी म्हणाली. हे अगदी खरं होतं. आमच्याकडच्या लग्नांत तिला नेहमी भांड्यांवर देखरेख करायला पाठवायचे.

"गाणी माहीत आहेत ना?"

"गाणी सगळी माहीत आहेत."

"मग झालं तर."

पलीकडच्या खिडकीवर ट्युनिशियाच्या अधिकाऱ्याने आधी नवरीचा, मग मावशीचा पासपोर्ट घेतला. लिबियाचे लोक तिकडे बहुतेक डॉक्टरकडे जातात, त्यामुळे त्याने न बघताच विचारलं, "उपचारासाठी?"

"नाही. जेर्ब्याहून विमान आहे, इस्तंबूलला."

"मग तिकडे उपचार?"

"नाही."

"व्यापार? मुलगा असतो का तिकडे?"

"मला मुलगा नाही. मी आगगाडीत बसायला चाललेय."

अधिकाऱ्याने मान वर केली. त्याने विचारलं की आगगाडी तर आमच्याकडेही आहे, गाबेसला, मग एवढ्या लांब कशाला? मावशी म्हणाली की आधी तिकडची पाहते, आवडली तर येताना तुमचीही बघेन. मागे मुली हसायला लागल्या. तो शिक्का हातात धरूनच म्हणाला, "आणि ही नवरी तुमची कोण?"

मावशीला खोटं बोलायचं नव्हतं. "भाची. मघाशीच झाली."

त्याने शिक्का मारला आणि रांगेतल्या ट्रकवाल्यांना हात करून वरातीला पुढे घेतलं. कुणी कुरकुर केली नाही. उलट मागून भोंगे वाजले. मुलींनी जिभा नाचवून जगरीत, म्हणजे आनंदाच्या आरोळ्या, काढल्या आणि तिलेलीने मावशीच्या घड्याळाकडे बोट दाखवून सांगितलं की आता काटा मागे घ्या, इकडे अजून एक तास आधीची वेळ आहे. मावशीने काटा फिरवला आणि ट्युनिशियाने आपल्याला तास भेट दिला, असं म्हणाली. मग तिने ईसामामाला फोन लावला, पलीकडे आलेय एवढंच सांगितलं आणि तो काही विचारायच्या आत ठेवून दिला.

गाडी रमादाच्या सपाट रानातून निघाली तेव्हा तिलेलीच्या डोळ्यांतलं काजळ पार हनुवटीपर्यंत आलं होतं. मावशीने रुमाल ओला करून ते पुसलं आणि विचारलं की मुलगा पसंत नाही का? पसंत आहे, तिलेली म्हणाली, तसं काही नाही. पण आई दारात उभी होती ते सारखं दिसतंय. मावशीने मान हलवली. मग घसा खाकरून तिने नवरीला निरोप द्यायचं पहिलं गाणं सुरू केलं.

यद्दर गाडी चालवत होता. तो मला नंतर म्हणाला की पहिल्या ओळीला त्याला वाटलं इंजिनात काहीतरी अडकलं. मागच्या मुली तोंडावर हात धरून बसल्या. मावशीला ते कळत होतं, पण तिने शब्द सोडला नाही. आईचा उंबरा, विहिरीवरची वाट, भावाचा खांदा, एकेक कडवं तिने नेटाने पूर्ण केलं. तिसऱ्या कडव्याला तिलेलीला हसू फुटलं. ते थांबेना. हसता हसता ती पुन्हा रडली, पण ते रडणं वेगळं होतं, आणि मग ती स्वतःच गायला लागली, सुरात. मुलींनी मावशीकडून शब्द विचारून घेतले. रस्ताभर मावशी आधी ओळ सांगायची आणि त्या गायच्या. मधे सातूचं पीठ तेलात कालवून खजुराबरोबर सगळ्यांनी खाल्लं. तिलेलीने पांढऱ्या वस्त्रावर तेल सांडू नये म्हणून मावशी तिला हाताने घास देत होती.

ततावीनला पोचेपर्यंत दुपार उलटली. तळावर जेर्ब्याला जाणारी एकच गाडी होती आणि तिचा ड्रायव्हर सावलीत झोपला होता. उतारू भरले की निघेन म्हणाला, पण उतारू म्हणजे मावशी एकटीच. यद्दरने त्याला सगळ्या जागांचं भाडं देऊ केलं, तर तो म्हणाला की आज त्याच्या मेहुण्याची बायको बाळ घेऊन घरी यायचीय, खरं म्हणजे त्याला जायचंच नाहीये.

मावशीने बॅग उतरवायला हात घातला. "तुम्ही जा," ती म्हणाली. "तुमची माणसं वाट बघतायत. मी बघते काहीतरी."

नवरीला घ्यायला ततावीनच्या वेशीपर्यंत आलेली नवऱ्याकडची मंडळी ढोल घेऊन खरंच उभी होती. तळावरून त्यांचा आवाज ऐकू येत होता. तिलेलीने मावशीची बॅग धरून ठेवली.

"यद्दर, जेर्ब्याला चल."

यद्दरने तिला समजावलं की लोक उभे आहेत, जेवण तयार आहे, नवरीने असं करायचं नसतं.

"माझी मावशी आहे ती," तिलेली म्हणाली. "मावशीला स्टँडवर टाकून कुणी सासरी जातं का?"

वनीसामावशी माझ्यापाशी कबूल करते की तिने तोंडदेखलं नको म्हटलं, पण फार जोरात नाही.

तर झालं असं, की दुविरेतची मंडळी ढोल वाजवत सज्ज झाली, फिती लावलेल्या चार गाड्या समोरून आल्या, आणि न थांबता निघून गेल्या. नवरा मुख्तार रस्त्याच्या मध्ये फुलं घेऊन उभा होता. त्याच्या मित्रांनी त्याच्याकडे बघायचंही टाळलं. पण मुख्तारने फुलं गाडीत टाकली आणि पाठलाग सुरू केला, आणि तो निघाला म्हणून त्याच्यामागे सगळेच निघाले, ढोलवाल्यांसकट.

मदनीनच्या पुढे कुठेतरी त्याने त्यांना गाठलं. गाडी शेजारी आणून त्याने काच खाली केली. वाऱ्यात ओरडून त्याने विचारलं, "तिलेली, तुझं मन बदललं का?"

"नाही," तिलेली ओरडली. "मावशीचं विमान आहे."

मुख्तारने मावशीकडे पाहिलं. मावशीने त्याला सलाम केला. तो एवढा हसला की गाडी जरा हेलकावली, मग तो यद्दरला म्हणाला, "मग हा वेग काय? माझ्या मागे ये," आणि पुढे होऊन भोंगा वाजवत रस्ता मोकळा करत निघाला. समुद्रातून बेटाकडे जाणाऱ्या त्या जुन्या पुलावर गाड्यांची ही ओळ पोचली तेव्हा मासे धरणारे लोक उठून उभे राहिले. दोन्ही बाजूंना पाणी, उन्हाने चमकणारं, आणि ढोलवाले गाडीच्या खिडकीतून अर्धे बाहेर येऊन वाजवत होते.

विमानतळाच्या दारात पहारेकऱ्याने विचारलं की विमानात कोण जाणार, नवरी की नवरा? मुलींनी मावशीला पुढे ढकललं. वेळ फारसा उरला नव्हता. तिलेलीने तिला घट्ट धरलं आणि कानात काहीतरी म्हणाली. काय ते दोघींपैकी एकीनेही मला सांगितलेलं नाही. मुख्तारने तिच्या हाताचं चुंबन घेतलं आणि फुलं, जी बायकोसाठी होती, ती मावशीच्या हातात दिली. तिलेलीनेच तसं करायला खुणावलं म्हणतात.

आतून मावशीने मला फोन केला. आवाज इतका बसला होता की मला वाटलं ती आजारी पडली. "विमान समोर दिसतंय," ती म्हणाली. "मामाला सांग, मी एकटीच पोचले." आणि स्वतःच हसत सुटली.

दुविरेतला वरात पोचली तेव्हा सूर्य मावळत होता. मुख्तारची आजी अंगणात काठी टेकून बसली होती. भात दोनदा गरम झाला होता आणि दोनदा गार. सगळ्यांनी मिळून तिला घडलेलं सांगितलं, एकमेकांना मधेच तोडत. तिने सगळं ऐकून घेतलं, नवरीला जवळ बोलावून तिचं कपाळ चुंबलं, मग नातवावर चिडली.

"एवढं लांब गेलात," ती म्हणाली, "आणि त्या बाईला जेवायलाही घातलं नाहीत?"