पालीची साक्ष

कापगते सरांनी साकोलीच्या कॉलेजात जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण घरात सत्य ठरवायची ती पाल. कोणी बोलताना ती चुकचुकली, की त्यांच्या पत्नी आनंदाबाई बोटांनी जमिनीवर टकटक करून "सत्य हाये" म्हणायच्या आणि चर्चा तिथेच संपायची.

आज भाचीला सांगून आलेल्या जवाहरनगरच्या मुलाचा विषय निघाला. "पोरगा दारू पीत असन," बाई म्हणाल्या आणि पाल चुकचुकली. टकटक करून बाई नकार कळवायला फोन शोधू लागल्या.

सरांचं डोकं फिरलं. "अवो, जाऊन पाहा, चार लोकाइले विचारा. पाल चुकचुकल्यानं कोनतीच गोष्ट खरी ठरत नाही."

पाल पुन्हा चुकचुकली.

बाई थबकल्या. "पटलं मले," त्या म्हणाल्या. "आता पालच हो म्हनते, म्हंजे तुमचं खरंच असन."

हा पुरावा चालणार नाही, हे सरांनी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण लग्न झाल्यापासून त्यांचं म्हणणं घरात पहिल्यांदाच कोणाला पटलं होतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि बाईंच्या नकळत खुर्चीच्या हातावर हळूच टकटक केलं.