राहून गेलेला ‘थांब’

“प्रोग्रॅमची ओळ तर जुन्यासारखीच आहे की हो, जावाकाका,” हॉस्पिटलच्या व्यवस्थापक मॅडम म्हणाल्या. “मग घात झाला कुठे?”

जावाकाकांनी चाळिशी पुसली. बावीस वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलसाठी त्यांनी जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला, तेव्हापासून हे नाव चिकटलेलं. औषध देण्याआधी तो प्रोग्रॅम विचारायचा, पेशंटला हे चालतं का? उत्तर येईपर्यंत गप उभा राहायचा. मंद, पण इमानी. यंदा सगळं जावास्क्रिप्टमध्ये उतरवायचं ठरलं, आणि काका या वयात नवी भाषा शिकले.

“नवा प्रोग्रॅम कुणासाठी थांबत नाही, मॅडम. विचारलं की हातावर प्रॉमिस टेकवतो. म्हणजे ‘सांगतो नंतर’. खरं उत्तर हवं तर आधी await लिहायचं. थांब म्हणून. इथं ते माझ्याकडून राहिलं.”

“बरं, मग?”

“मग नुसत्या प्रॉमिसलाच तो ‘हो’ समजला. ‘नाही’ आलं मागून. ऐकायला कुणी नव्हतं.”

चाचणीत हे दिसलं नाही, कारण चाचणीतल्या सगळ्या खोट्या पेशंटना सगळी औषधं चालत होती. खाट क्रमांक तीनवरच्या शिवणवाल्या बाईला ते इंजेक्शन चालत नव्हतं. पडद्यावर हिरवं दिसलं, नर्सनं दिलं. बाई परवा गेली. नर्स निलंबित.

मॅडमनी दार लोटलं. “नर्सनं पेशंटचा कागद बघितला नाही, असं चौकशीत ठरतंय. तुमचे सहाच महिने राहिलेत, काका. ओळ नीट करा आणि तोंडाला कुलूप.”

काकांनी पाच अक्षरं टाइप केली. मग जुनी ओळ, नवी ओळ एका कागदावर छापली. खाली सही ठोकली.

चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर नर्स बसली होती. डोळे सुजलेले.

“काका, मी मशीनला विचारलं होतं हो. आईशप्पथ.”

“विचारलं होतंस, बाळ. तेच थांबलं नाही.”

“मी तरी थांबायला हवं होतं ना? बाईचा कागद उशाशीच होता.”

सही केलेला कागद काकांनी चार वेळा दुमडला, चार वेळा उलगडला.

आतून नर्सचा पुकारा झाला. ती पदर सावरून उठली.

“थांब,” काका म्हणाले, आणि दार ढकलून आधी स्वतः आत गेले.